बयनाबाईच्या दारचं पाणी

बयनाबाईने पितळेचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि पदराने त्याची कड पुसली. चालत आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग काम विचारायचं, ही आमच्याकडची रीत. मी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "नको, असू द्या."

"चहा मांडू का मंग?"

"चहाही नको. दोन शब्द बोलायला आले होते."

तिने तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तांब्या उचलून अंगणातल्या शेवग्याच्या बुडाशी रिकामा केला आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली.

"बोला," ती म्हणाली.

मी बोलले. खाणीतल्या पाण्याचं सांगितलं, दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेचं सांगितलं, गाव तुमचं ऐकतं तेव्हा चांगला शब्द टाका, असं म्हटलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पाहू." तिच्या घरातून निघताना मला वाटलं, काम झालं. बाई कमी बोलते, पण मनाने चांगली आहे.

आमची खाण सावरखेडीपासून हाकेच्या अंतरावर. आमचे हे तिथे ओव्हरमन होते, म्हणजे एका पाळीच्या माणसांना खाली नेऊन सुखरूप वर आणायची जबाबदारी यांची. आमच्या खाणीला लागूनच इंग्रजांच्या काळातली एक जुनी खाण होती. कोळसा काढून लोक निघून गेले आणि ती पोकळी हळूहळू पाण्याने भरली. वरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही, शेतात तूर उभी असायची. पण खाली, आमची खाण आणि ते पाणी यांच्यात कोळशाची एक भिंत होती. नकाशात ती जाड दाखवली होती. खाली गेल्यावर कळलं की नकाशा काढणाऱ्याने अंदाजाने रेघ मारली असावी. भिंत ओली व्हायला लागली होती.

मॅनेजर सान्याल साहेबांनी त्या बाजूचं काम बंद केलं, माणसं हलवली. पण भिंतीवर नजर तर ठेवायला हवी. ती ठेवायला रोज एक माणूस तिथपर्यंत जायचा, वाळूची पोती रचायचा, ओल कुठवर आली ते खडूने आखायचा. तो माणूस म्हणजे आमचे हे.

उपाय साधा होता. वरून जमिनीत भोक पाडायचं, पंप लावायचा आणि जुन्या खाणीतलं पाणी उपसून ओढ्यात सोडायचं. भोक पडलं, पंपही आला. अडलं ते परवानगीपाशी. ओढा सावरखेडीतून जातो. बायका त्यावर धुणं धुतात, गुरं पाणी पितात, काठावर गावदेवी मातामायचं ठाणं आहे. प्रदूषण मंडळाने सांगितलं, गावाची हरकत नाही असा ग्रामसभेचा ठराव आणा, मगच पाणी सोडायची संमती मिळेल. ते बरोबरच होतं. कुणाच्या दारातून काही न्यायचं तर घरधन्याला विचारावं लागतंच.

गावात सरपंच होते, पाटील होते, पण शब्द चालायचा बयनाबाईचा. ती सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, सरपंच देवाळकरसुद्धा. तिचं घर मात्र वस्तीच्या बाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. ते तिथे का होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. खाणीला सुट्टी, म्हणून हेही सभेला आले. शाळेच्या पटांगणात सतरंजी घातली होती. सान्याल साहेब त्यांच्या बंगाली वळणाच्या मराठीत समजावत होते, "पाणी एकदम नाही सोडणार. पयले खड्ड्यात थांबवणार, गाळ बसेल, मग साफ पाणी ओढ्यात. तुमच्या गव्हाला पण मिळेल."

लोक माना हलवत होते. कुणी मासळीचं विचारलं, कुणी गाळाचं. सरपंच ठराव लिहायला सांगणार, इतक्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"माहं एक विचारनं हाये."

बयनाबाई उभी राहिली होती. काखेत गाठोडं होतं, कारण शाळेच्या फाटकाशी शेजारच्या गावची बैलगाडी तिची वाट पाहत थांबली होती. पहिलटकरीण अडली होती.

"बोल, आजी," सरपंच म्हणाले.

"काल ओव्हरमनची बायको माह्या घरी आली होती. मी पानी देल्लं. तिनं पेलं नाई. चहा म्हनलं, तो बी नाई. मी काई बोललो नाई, आपल्याले सवय हाये." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पन जिले आमच्या तांब्यातलं पानी चालत नाई, तिच्या नवऱ्याच्या खानीतलं पानी आमच्या ओढ्यात कायले?"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बराबर हाये." आणि मग चहूकडून तेच.

मी उठले, पण माझा आवाज मुळात मोठा नाही. "बयनाबाई, थांबा," म्हणेपर्यंत ती गाडीत बसली होती. गाडी वळली, धूळ उडाली. सरपंचांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

"आजी आल्याशिवाय काही होत नाही, साहेब."

"पण उद्या मंडळाचा ऑफिसर येणार," सान्याल साहेब म्हणाले. "उद्या ठराव नाही मिळाला तर तो परत कधी येणार? भिंत थांबणार काय?"

सरपंच माझ्याकडे पाहत राहिले. सगळेच पाहत होते.

घराच्या पायऱ्यांवर चपला काढताना हे म्हणाले, "वत्सला, तू सांगितलं का नाहीस तिला?"

"काय सांगणार?"

"हेच, की मी खाली असलो की तू पाणी पीत नाहीस म्हणून."

हे माझं व्रत. ते कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पोथीत नव्हतं. लग्न होऊन खाणीच्या कॉलनीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात खाणीचं तोंड पाहिलं. यांना त्या अंधारात चालत जाताना पाहिलं आणि त्या दिवशी घशाखाली पाणी उतरेना. हे वर आले, तेव्हा प्याले. तेव्हापासून तसंच. सकाळी तुळशीला पाणी घालायचं, पोथीचा अध्याय वाचायचा, आणि हे वर येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. यांना कळलं तेव्हा हे हसले होते, म्हणाले होते, माझं लग्न उंटिणीशी झालंय.

"व्रत बोलून दाखवायचं नसतं," मी म्हणाले.

"मग बोलू नकोस. ती आली की जा आणि पाणी पिऊन ये."

"तुम्ही खाली असाल."

"असेन. मला वर आणायला दोरी आहे, ट्रॉली आहे, माझे पाय आहेत."

मी भाजी चिरायला घेतली. हे थोडा वेळ दाराशी उभे राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, "मी चिडवतो ते मनावर घेऊ नकोस. खाली असताना मला आठवतं तुझं. कुणीतरी तहानलेलं बसलंय, तर वेळेवर निघावं, असं वाटतं."

संध्याकाळी मी बयनाबाईच्या घरी जाऊन आले. दाराला कडी होती. अजून ती बाळंतिणीपाशीच होती.

सोमवारी हे दिवसपाळीला निघाले. डबा देताना मी विचारलं, "भिंत कशी आहे?"

यांनी डबा हातात घेतला, कमरेचा पट्टा नीट केला. यांना माझ्याशी खोटं बोलता येत नाही.

"सांगा ना."

"परवा सकाळपर्यंत नुसती पाझरत होती," हे म्हणाले. "वर येताना पाहिलं, एका जागी बारीक धार लागलीये. जास्त नाही, करंगळीएवढी. पोती लावून येतो."

हे गेल्यावर मी देवापाशी बसले, पण पोथीतली ओळ पुढे सरकेना. ऊन चढलं तसा सरपंचांच्या घरून निरोप आला, बयनाबाई परत आली आहे, आणि मंडळाचे साहेब लोक दुपारी पोचतील. मी पदर खोचला आणि निघाले.

ती अंगणात बसून हात धूत होती. डोळे लाल, केस सुटलेले. रात्र जागून काढली होती हे दिसतच होतं.

"कसं झालं बाळंतपण?" मी विचारलं.

"पोरगी झाली. पायाळू. दोघी चांगल्या हायेत." तिने हात झटकले. "तुमी काऊन आल्या?"

"माझ्याकडून परवा तुमचा अपमान झाला. मला तसं करायचं नव्हतं. माझा उपास असतो, बयनाबाई. पाण्याचा."

ती हसली. ते हसू रागाचं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

"उपास," ती म्हणाली. "बाई, परकर नेसत होतो तवापासून हे उपास पाहून राह्यलो मी. आमच्या दारात पाय ठेवला की लोकायले एकादशी आठवते. चतुर्थी आठवते. पोरगी अडली की रातच्याले कंदील घेऊन येतात, तवा कोनाचीच एकादशी नसते."

मी उपास म्हणाले, आणि तोच शब्द तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून खोटा ऐकला होता. माझा शब्द त्यांच्याहून वेगळा आहे हे तिने कशावरून ओळखायचं?

दूर खाणीच्या बाजूला कोळसा वाहणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. त्या जमिनीखाली कुठेतरी करंगळीएवढी धार होती, आणि तिच्यासमोर पोतं उचलून उभं असलेलं माझं माणूस. मी प्याले तर यांचं काय होईल, आणि नाही प्याले तर यांचं काय होईल, हे दोन्ही एकदमच मनात आलं. त्यातलं कोणतं खरं हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

"मला पाणी द्या," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आत गेली, तोच तांब्या भरून आणला. यावेळी कड पुसली नाही, तसाच पुढे केला.

मी तांब्या तोंडाला लावला. मनात यांचं नाव घेतलं, जे मी एरवी घेत नाही. आणि प्याले. घोटभर पिऊन थांबता आलं असतं, पण थांबले नाही. सगळा तांब्या प्याले. पाणी गार होतं, वाळ्याचा वास येत होता. इतकं चांगलं पाणी आणि मला ते विषासारखं वाटत होतं. देव क्षमा करो, त्यात त्या पाण्याचा काय दोष.

तांब्या खाली ठेवताना तो जमिनीवर वाजत राहिला. बयनाबाईने माझं मनगट धरलं.

"कापून काऊन राह्यल्या?"

"काही नाही."

"काई नाई कसं? या हातानं मी बाया धरतो. सोंगाचं कापनं मले समजते आन खऱ्याचं बी समजते." तिने मनगट सोडलं नाही. "कोनता उपास होता?"

मग मी सांगितलं. हे खाली गेले की मी पाणी पीत नाही, हे वर आले की पिते. एवढंच.

"आता कुठं हाये तो?"

"खालीच. त्या भिंतीपाशी."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग मटकन उंबऱ्यावर बसली.

"आन तू पेली?"

मगापर्यंत मी 'तुमी' होते. आता 'तू' झाले.

"तुम्हाला खोटं वाटत होतं," मी म्हणाले. "दुसरं कसं पटवणार?"

"माय वं," ती पुटपुटली. "मी तुहं व्रत मोडलं."

"तुम्ही नाही. मीच मोडलं."

"तांब्या कोनाच्या हातातला होता?"

शेवग्यावर चिमण्यांचा गोंधळ चालला होता. मग ती उठली, तिने तो रिकामा तांब्या घेतला आणि आत फळीवर पालथा घातला. बाहेर येऊन म्हणाली, "तुहा धनी वर येईपरेंत माह्या तोंडात पानी जानार नाई. तुहं राह्यलेलं मी पुरं करतो. चालते का असं?"

"तुम्ही रात्रभर जागल्या आहात. सकाळपासून तरी काही घेतलंत का?"

"ते नको विचारू. चालते का ते सांग."

"शास्त्रात काय आहे मला माहीत नाही."

"शास्त्राले कोन विचारून राह्यलं? तुले विचारतो."

मी मान हलवली. "चालतं," म्हणाले.

दुपारी मंडळाचे अधिकारी जीपमधून आले. शाळेच्या पटांगणात पुन्हा सतरंजी पडली. सान्याल साहेबांचा चेहरा उपाशी माणसासारखा झाला होता. बयनाबाई माझा हात धरून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माहं बोलनं चुकीच्या बाईवर गेलं होतं. ते वापस घेतो. बाकीच्यायवर गेलं, ते ऱ्हाऊ द्या."

कुणीतरी खाली मान घातली, कुणी उगाच घसा खाकरला.

"पानी सोडा," ती पुढे म्हणाली. "पन खड्ड्यात थांबवून, साफ झाल्यावर. मातामायच्या ठान्यापाशी काळं आलं तर मी सोता येऊन पंपावर बसीन. मंग मले कोनी उठवून पाहा."

"लिहा, लिहा," सरपंच म्हणाले. अधिकाऱ्यांनी हसून मान डोलावली, म्हणाले, ही अट आमच्याही कागदात आहे, फक्त पंपावर बसायचं कलम नाही.

सान्याल साहेब इतके खूश झाले की धावत जाऊन स्वतःच्या हाताने थंड पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि बयनाबाईपुढे धरला.

"नको," ती म्हणाली.

साहेबांचं तोंड उतरलं. त्यांनी घाबरून सरपंचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता पुन्हा काय चुकलं?

"घाबरू नका, साहेब," बयनाबाई म्हणाली. "आज उपास हाये माहा."

पुढचं थोडक्यात सांगते. संमती आली, पंप सुरू झाला, खड्ड्यातून निवळलेलं पाणी ओढ्याला लागलं. त्या वर्षी सावरखेडीच्या गव्हाला दाणा भरेपर्यंत ओल मिळाली. खालची धार आधी बारीक झाली, मग नुसती ओल राहिली, आणि एक दिवस यांनी खडूची रेघ आखायचं सोडून दिलं. पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारची संध्याकाळ अजून व्हायची होती.

सभा संपली तरी बयनाबाई घरी गेली नाही. माझ्याबरोबर खाणीच्या तोंडापाशी आली. तिथे खाणीतले दिवे ठेवायच्या दिवाखोलीजवळ एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीत आम्ही बसलो. आमच्या भागातलं ते ऊन, माघातच अंग भाजणारं. तिचे ओठ सुकले होते. मी दोनदा म्हणाले, तुम्ही घरी जा. दोन्ही वेळा तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"किती साल झाले लग्नाले?" तिने विचारलं.

"सातवं चाललंय."

"सात साल तहानेली राह्यते रोज? येडी हायेस तू." मग थोड्या वेळाने, "चांगला हाये का तो?"

"खूप चांगले आहेत."

"मारते-बिरते?"

"छे. आवाजसुद्धा चढवत नाहीत."

"मंग ठीक हाये. वाट पाहाले हरकत नाई."

भोंगा झाला. माणसं वर यायला लागली, दोन दोन, तीन तीन. काळे चेहरे, कपाळावर दिवे. दिवे जमा करून जो तो घराकडे वळत होता. हे नव्हते. मी उभी राहिले. आणखी माणसं आली. त्यांच्यातही हे नव्हते. एकाला विचारलं, तो म्हणाला, ओव्हरमन साहेब मागे आहेत, पोत्यांचं काम उरलं होतं.

खाणीचं तोंड रिकामं झालं. मला आत, त्या उतारावरच्या अंधारात, काही दिसेना. जी एक गोष्ट मी इतकी वर्षं सांभाळली, ती नेमकी आज हातून गेली, हेच डोक्यात फिरत होतं. बयनाबाई शेजारी येऊन उभी राहिली. तिने पुन्हा माझं मनगट धरलं होतं आणि अडलेल्या बाईला सांगतात तशा आवाजात सांगत होती, "येऊन राह्यला. येते. सुटते आता. दम धर."

मग खाली एक दिवा हलताना दिसला. सावकाश वर आला. चिखलाने भरलेले गुडघे, खांद्यावर रिकामं पोतं. हे आम्हा दोघींना तिथे पाहून थबकले.

बयनाबाईने यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"हाच का?" तिने मला विचारलं.

"हेच."

"लई काळा हाये वं."

"कोळसा आहे तो," मी म्हणाले. "धुतल्यावर बरे दिसतात."

हे काही न कळून हसले. बयनाबाईही हसली, आणि हसता हसता तिने झाडाला टेकून डोळे मिटले. तेव्हा मला दिसलं, ती किती दमली होती.

मी दिवाखोलीतून माठातलं पाणी घेतलं, पितळी लोटा भरून. तिच्यासमोर आले तशी तिने दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि तोंडाशी धरली. मी वरून ओतावं म्हणून. तिने विचारही केला नव्हता. तिचे हात आपोआप तसे झाले होते, आयुष्यभर गावात पाणी पिताना होत आले तसे.

मी तिची ओंजळ सोडवली. बोटं घट्ट होती, एकेक करून उघडावी लागली. मग त्या हातांत लोटा ठेवला.

तिने लोट्याकडे पाहिलं. दिवाखोलीच्या दाराशी माणसं होती, त्यांच्याकडे पाहिलं. मग कड ओठाला लावली आणि प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं.

"सगळं नका संपवू," मी म्हणाले. "मलाही हवंय."

तिने अर्धा लोटा माझ्या हातात दिला. कड न पुसता.